प्रज्ञाताईंनी खुर्ची मागितली होती

आपल्या संघाच्या वार्षिक अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली असतात. मी अजून कॉलेजातच आहे. आठवड्यातले तीन दिवस मिसिसागातल्या एका वेअरहाउसमध्ये काम करतो, उरलेले दिवस वर्गात बसतो. एवढ्या अनुभवावर लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे, आणि त्यात विषय बायकांचा. त्याबद्दल आधीच माफी मागतो. संपादकांना मी दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, कारण ही गोष्ट मनातून जात नाही.

प्रज्ञाताई हे त्यांचं खरं नाव नाही. त्यांच्या यजमानांचं नाव आणि इतर काही तपशीलही मी बदलले आहेत, आणि असं काही छापून येणार आहे हे ताईंनी त्यांना सांगितलं आहे. सगळं लिहून झाल्यावर मसुदा मी ताईंना पाठवला. वाचून त्या फोनवर म्हणाल्या, "छाप. पण मला बिचारी करू नकोस." ते मला कितपत जमलंय, ठाऊक नाही.

आधी कामाबद्दल थोडं सांगतो. आमचं वेअरहाउस विमानतळाच्या बाजूला आहे. लोक घरबसल्या ज्या वस्तू मागवतात, कढया, उशा, कुत्र्यांचं खाणं, ते सगळं तिथं उंच फळ्यांवर रचलेलं असतं. मनगटाला स्कॅनर बांधायचा, तो सांगेल त्या रांगेत गाडा घेऊन जायचं, वस्तू उचलायची, स्कॅन करायची, पुढं जायचं. याला पिकिंग म्हणतात. तासाला किती वस्तू उचलल्या हा तुमचा रेट, आणि तो भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसतो. आठ तास उभं राहायचं. अख्ख्या मजल्यावर बसायला दोनच खुर्च्या, त्या रिटर्न्सच्या टेबलाशी. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले डबे तिथं उघडून तपासतात. त्या दोन खुर्च्यांवर सगळ्यांचा डोळा असतो.

दुसऱ्या वर्षी मला लीड केलं. लीड म्हणजे फार मोठा कोणी नव्हे. सकाळी सातच्या आधी पोचायचं आणि पांढऱ्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावाचं मॅग्नेट त्याच्या त्याच्या जागी लावायचं. कोण कुठल्या रांगेत, कोण पॅकिंगला, कोण रिटर्न्सला. कोणाची कंबर धरली, हात मुरगळला, तर त्याला लाइट ड्यूटी द्यायची. त्यासाठी एका पानाचा फॉर्म असतो. किती किलोपर्यंत उचलता येईल, किती वेळ उभं राहता येईल, किती दिवस. कारणाचा रकाना त्यात नाही.

आमची सुपरवायझर डोरीन नावाची साठीची बाई आहे. तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काय जमणार नाही ते विचार. का जमणार नाही ते विचारू नकोस."

मला ते कोरडं वाटलं. मी हिंगोलीचा. आमच्याकडं एखाद्याला बरं नाही हे कळूनही 'काय झालं?' असं विचारलं नाही, तर तो माणूस मनाला लावून घेतो. म्हणून मी विचारायचोच. एका सरदारजी काकांना गुडघ्याचं विचारलं तर त्यांनी गुडघ्यापासून सुरुवात करून लुधियानाच्या घरापर्यंत सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी पराठे आणले. आणखी एकानं तोंड वेडंवाकडं करत खुर्ची मागितली, तर चौकशीत निघालं की नवे सेफ्टी बूट चावताहेत. मी त्यालाही एक दिवस बसवलं. डोरीन हसली, म्हणाली, "तू लीड नाहीस, तू त्यांची आजी आहेस." मला तेव्हा ती शाबासकी वाटली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतात. सोयाबीनची पोती पाठीवर घेऊन ट्रक भरणं, इतकी वर्षं. ताप असला तरी पोतं, पाठ आखडली तरी पोतं. त्यांना कधी कोणी 'आज घरी जा, पडून राहा' म्हटलेलं मला आठवत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला, आणि माझ्या हातात असा फॉर्म आला की ज्यावर सही करून मी माणसाला घरी पाठवू शकत होतो. मी कोणाला 'घरी जा' म्हणायचो ना, तेव्हा मला आतून फार बरं वाटायचं. आता कळतं की ते बरं वाटणं माझं होतं, समोरच्याचं नव्हतं.

प्रज्ञाताई आमच्याकडं पिकिंगला होत्या. अमरावतीला त्यांनी सात वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं होतं. इथं ते काम करायचं तर आधी परीक्षा देऊन लायसन्स मिळवावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे फोन बघत असायचो, तेव्हा ताई डब्याशेजारी कागद पसरून बसायच्या. कागदांवर रक्ताच्या पेशींची रंगीत चित्रं. मी एकदा म्हटलं, "ताई, जेवताना हे बघवतं तुम्हाला?" तर म्हणाल्या, "तुझ्या डब्यातल्या भाजीपेक्षा बरं दिसतं रे हे."

त्या आणि त्यांचे यजमान संदीपदादा मला संघाच्या कार्यक्रमातूनच ओळखीचे. भीमजयंतीच्या भोजनाला दादा आणि मी एकत्र पुऱ्या लाटल्या होत्या. माणूस सज्जन. पाच वर्षांची मुलगी, आणि त्या हिवाळ्यात दादांच्या आई अमरावतीहून आलेल्या.

फेब्रुवारीतला एक गुरुवार. शिफ्ट संपताना ताई फळ्याजवळ आल्या.

"सुमेध, उद्या मी सुट्टी टाकलीय. सोमवारी मला रिटर्न्सला बसव. दोन-तीन दिवस."

"का, काय झालं ताई?"

"काही नाही झालं. उचलायचं काम नको आहे फक्त."

"पण कारण काय लिहू?"

"फॉर्ममध्ये कारण लागतं?"

"लागत नाही. पण..."

"पण तुला लागतं." त्या हसल्या. मग आजूबाजूला बघून म्हणाल्या, "उद्या तांबी बसवून घेतेय. झालं समाधान? इथं कोणाला बोलू नकोस."

माझे कान तापले. तांबी हा शब्द मी गावाकडं आरोग्य खात्याच्या आशाताईंच्या तोंडून ऐकला होता, तेही दाराआडून. गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात, एवढंच माहीत. ताईंनी माझा चेहरा बघितला आणि लॅबमधल्या माणसासारखं सरळ सांगून टाकलं. बसवायला काही मिनिटं लागतात. नंतर दोन-तीन दिवस पाळीत दुखतं तसं ओटीपोटात दुखतं, थोडं रक्त जातं. गोळी घ्यायची, शेक घ्यायचा. कितीतरी बायका दुसऱ्या दिवशी कामावर जातात. ताप आला, रक्त फार गेलं किंवा दुखणं सोसवेना, तर क्लिनिकला फोन करायचा. नर्सनं सगळं लिहून दिलं होतं.

"मला एक वर्ष हवंय," त्या म्हणाल्या. "परीक्षा होईपर्यंत. एकच वर्ष. त्यानंतर काय ते होऊ दे."

मी मॅग्नेट रिटर्न्सवर लावलं. इतकंच करायचं होतं, आणि ते मी केलं होतं.

शनिवार-रविवार मी फोनवर वाचत बसलो. आजाराबद्दल नेटवर वाचलं की माणसाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. लाखात एखादीला होतं तेच माझ्या डोक्यात बसलं.

सोमवारी ताई वेळेवर आल्या. बाहेर सगळा बर्फ गोठून काचेसारखा झालेला, आणि त्या दोन बस बदलून आलेल्या. खुर्चीवर बसून डबे उघडायला लागल्या. साडेआठच्या सुमाराला मी तिकडून गेलो तर त्या पुढं वाकून, डोळे मिटून बसलेल्या. एक हात पोटावर.

"ताई, दुखतंय?"

"दुखणारच. गोळी घेतलीय आत्ता. तासाभरात थांबेल."

"ताप?"

"नाही."

"रक्त?"

"सुमेध, तू डॉक्टर झालास का रे? मला कळतं माझं. जा तू तुझ्या कामाला."

"तुम्ही घरी जा ताई. मी सही देतो. पडून राहा."

"घरी नको. इथं बरंय मला."

"हट्ट करू नका."

"हट्ट नाही. खरंच सांगतेय, इथं बरंय." एवढं बोलून त्या वॉशरूमला गेल्या.

मी तिथं उभा राहून विचार केला, आणि तो विचार मला आजही स्पष्ट आठवतो. मला वाटलं, या बाईला सुट्टी घ्यायचा संकोच वाटतोय. रेट जाईल, तास जातील, म्हणून दुखणं अंगावर काढतेय. माझ्या वडिलांसारखं. आणि आता मी आहे ना. बर्फात दोन बस बदलून त्यांना पाठवणं बरं नव्हतं. संदीपदादांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. नवऱ्याला माहीत असणारच, हे मी धरूनच चाललो होतो. ते विचारात घ्यायची गोष्ट आहे असंही मला वाटलं नाही.

"जयभीम दादा, सुमेध बोलतोय. घाबरू नका. ताईंना जरा बरं नाही. गाडी घेऊन येता का?"

"काय झालं? सकाळी तर ठीक होती."

"काही नाही, शुक्रवारी क्लिनिकमध्ये ते केलं ना, त्यानं पोटात दुखतंय."

 मग दादा म्हणाले, "शुक्रवारी तर ती कामावर होती."

त्या वाक्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही. काहीतरी सावरायचा प्रयत्न केला असणार. जे सांडलं ते सांडलंच.

ताई वॉशरूममधून आल्या तेव्हा खरंच जरा सावरलेल्या दिसत होत्या. गोळी लागू पडत होती. मी सांगितलं, दादा येताहेत.  त्या म्हणाल्या, "काय सांगितलंस?" मी सांगितलं. त्यांनी हातातला डबा नीट बंद केला, टेप लावली, बाजूला ठेवला. कोट घालून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दादा आले, त्यांनी ताईंची बॅग घेतली, मला मान हलवून 'थँक्यू' म्हणाले. दोघं बर्फावरून जपून चालत गाडीपर्यंत गेले. 

मंगळवारी माझं कॉलेज होतं. बुधवारी ताई आल्या. मी त्यांचं मॅग्नेट रिटर्न्सवरच ठेवलं होतं. त्यांनी ते उचलून पिकिंगच्या रांगेत लावलं.

"ताई, अजून दोन दिवस बसा ना."

"नको. आता घरी सगळ्यांना माहीतच आहे. आता आरामच आराम आहे मला."

"मला खरंच वाटलं, दादांना माहीत असेल."

"हो रे. तुला वाटणारच." त्या स्कॅनर मनगटाला बांधत होत्या. पट्टा दोनदा सुटला. "घरी मी शुक्रवारपासून एकदाही आडवी झाले नव्हते, सुमेध. दुपारी पाठ टेकली तरी आई पाणी घेऊन येतात, डोक्यावरून हात फिरवतात आणि विचारतात, गोड बातमी आहे का गं? फार मायेनं विचारतात. म्हणून शनिवारी मी उभ्यानं पुरणपोळ्या केल्या. सोमवारी बसायला मिळणार, या एका गोष्टीवर ते दोन दिवस काढले मी. तुला खुर्ची मागितली होती. घर नव्हतं मागितलं."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ठीक आहे." पण ते ठीक नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"दादा रागावले का?"

"रागावले असते तर भांडता आलं असतं. ते म्हणाले, मला सांगायला हवं होतंस. आणि ते खरंच आहे. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं, तेही मला माहीत आहे. ते नाही म्हणाले नसते. 'बघू' म्हणाले असते. तीन वर्षं माझ्या परीक्षेचंही आमचं 'बघू'च चाललंय."

त्या दिवशी पडद्यावर त्यांचा रेट सगळ्यांत वर होता.

मी डोरीनकडं गेलो आणि सगळं सांगितलं. म्हणजे कशासाठी ते नाही सांगितलं, एवढी अक्कल आली होती. तिनं विचारलं, "फोन करू का, असं तू तिला विचारलंस?"

"नाही."

"ती बेशुद्ध होती?"

"नाही."

"मग तो फोन कोणासाठी केलास?"

 तिनं मला रागावून काही म्हटलं नाही. पण महिनाभर माझ्याकडून फॉर्म काढून घेतले, आणि ते योग्यच होतं.

ताई पुढं तीन महिने होत्या. कामात फरक नाही, माझ्याशी बोलण्यातही वरवर नाही. "सुमेध, सतरा नंबरची शिडी हलतेय, बघ जरा," असं म्हणायच्या. फक्त जेवणाच्या सुट्टीत कागद निघेनासे झाले. पहिले काही दिवस मी मनाची समजूत घातली की थकत असतील. एप्रिलमध्ये एकदा धीर करून विचारलं, "ताई, परीक्षेचा फॉर्म भरला?" त्या म्हणाल्या, "काय जमणार नाही ते विचारायचं ना रे? का, ते नाही." डोरीनचं ते वाक्य मजल्यावर सगळ्यांना पाठ होतं. आम्ही दोघंही हसलो. मला ते हसू अजून टोचतं.

मे महिन्यात दादांना कॅल्गरीत नोकरी लागली आणि ते सगळे गेले. निरोपाचा केक कापला. ताईंनी मला सांगितलं, अभ्यास सोडू नकोस. मी मान हलवली. संघाच्या ग्रुपमधून त्या बाहेर पडल्या, आणि त्यांना मेसेज करायचा मला तेव्हा धीर झाला नाही. चार वेळा लिहून पुसला.

त्यानंतर मी काही शिकलो असं म्हणता येईल का, मला माहीत नाही. गेल्या पावसाळी ऑक्टोबरात एक नवी मुलगी फळ्याजवळ आली आणि म्हणाली, दोन दिवस बसायचं काम मिळेल का. माझ्या जिभेवर 'काय झालं' आलंच होतं. मी विचारलं, "किती किलोपर्यंत चालेल?" ती म्हणाली, "पाच." मी मॅग्नेट हलवलं. ती दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी आपणहून पिकिंगला गेली. तिला काय झालं होतं ते मला अजून माहीत नाही. तिनं पराठे आणले नाहीत, माझ्याकडं बघून हसलीही नाही. बहुधा तिच्या लक्षातही नसेल की मी तिच्यासाठी काही केलं. आता वाटतं, हे काम नीट झालं की ते असंच दिसतं.

आईला मी ही गोष्ट फोनवर सांगितली होती, नावं न घेता. मला वाटलं, ती म्हणेल की तू काळजीपोटी केलंस.  ती म्हणाली, "बाईनं खरं सांगितलं की तिची टेकायची एक जागा कमी होते, बाबा." आणि मग एकदम, थंडी किती आहे, स्वेटर घालतोस ना, हे सुरू केलं. मीही पुढं विचारलं नाही.

कॅल्गरीहून बराच काळ काही कळलं नाही. मी मनातल्या मनात ताईंना कुठल्यातरी लॅबमध्ये पांढऱ्या कोटात बघायचो. तिकडं अभ्यासाला वेळ मिळाला असेल, नवं गाव, नवी सुरुवात. असं बघितलं की मला झोप लागायची.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी बेसमेंटमध्ये कपडे धूत होतो. फोन वाजला. संदीपदादा.

"जयभीम सुमेध! ओळखलंस का?"

"जयभीम दादा. ओळखलं ना."

"अरे, मुलगी झाली. गुरुवारी. दोघी छान आहेत. आई तर हवेत आहे."

"वा! अभिनंदन, दादा. ताई कशा आहेत?"

"झोपलीय. आता आरामच करायचा म्हणावं."

मशीन घरघरत होतं. मी बाजूला सरकलो आणि विचारलं, विचारायला नको होतं तरी विचारलं, "आणि त्यांची परीक्षा?"

"ते आता बघू रे. पोरी मोठ्या होऊ देत. घाई काय आहे?" दादा खुशीत होते, त्यांचा आवाज खरंच आनंदानं भरलेला होता. "आणि ऐक, तुझे आभार मानायचे राहूनच गेले होते. तू त्या दिवशी फोन केलास म्हणून. नाहीतर आम्हाला कधी कळलंच नसतं."